दामलेकाकांची नक्कल

कोणाच्या घरी गेलं की हातात पाण्याचा पेला देतात. दामलेकाका कार्ब्युरेटर द्यायचे. तोही जुन्या इंग्रजी मोटरसायकलचा, तेलकट. वर विचारायचे, "बोल, वय काय याचं?"

बँकेच्या बदलीवर मी कोलकात्याला आलो, तेव्हा बालीगंजच्या आमच्या इमारतीत मराठी बोलणारं माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरचे हे काका. जन्म इथलाच. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर चाळीस वर्षं काढलेली. स्वतःची मोटरसायकल कधीच नव्हती, चालवताही येत नव्हती. पण हवा आणि पेट्रोल मिसळणारा तो मुठीएवढा भाग समोर आला की काका त्याची कुंडली मांडत. आधी बॉडीवर ठोकलेला नंबर बोटाने चाचपत, मग धातूचा रंग बघत, आणि शेवटी नारळासारखा कानाशी धरून हलवत. आतला वरखाली होणारा दट्ट्या दुसऱ्याच मॉडेलचा असला तर म्हणे खुळखुळण्यावरून कळतं. मग निकाल: "अंग खरं, काळीज परकं."

माणसांनाही ते सोडत नसत. केस काळेभोर करून आमच्याकडे जेवायला आलेल्या माझ्या मॅनेजरना जिन्यात बघून म्हणाले, "बॉडी जुनी, रंग मागाहून." साहेब बंगाली होते म्हणून मी वाचलो.

एकदा बराकपूरहून एक निवृत्त सुभेदार आले. वडिलांच्या गाडीचा कार्ब्युरेटर रुमालात बांधून आणला होता. काकांनी तासभर बघितला. बॉडी नंतरची, आतली सुई तिसऱ्याच गाडीची, पेट्रोल सोडणारं जेट तर हल्लीचं. सुभेदारांचा चेहरा उतरला. काका पुन्हा भिंग घेऊन बसले आणि एका स्क्रूवर बोट ठेवून हिंदीत म्हणाले, "हा मात्र मूळचा. याला तुमच्या वडिलांचा हात लागलाय." सुभेदार तो एक स्क्रू खिशात वेगळा ठेवून गेले.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी काकांची नक्कल केली. हातात घरचा बत्ता धरला, नंबर चाचपला, कानाशी हलवला. लोक हसू लागले तसा मला चेव आला. मी ठोकून दिलं, "लग्नात काकूंनाही असंच हलवून बघितलं असणार. अंग खरं, काळीज परकं." सगळ्यात मोठा हशा या वाक्याला पडला. काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं. मी येण्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या होत्या.

हशा ओसरला तेव्हा मला शेवटच्या रांगेत काका दिसले. ते कधीच कार्यक्रमांना येत नसत. प्रसाद न घेताच मी मागच्या दाराने निघालो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच बेल वाजली. दारात काका.

"तू उजव्या कानाशी धरलंस," ते म्हणाले. "उजव्याने मला ऐकू येत नाही. मी डाव्याशी धरतो."

"काका, माझं चुकलं. काकूंबद्दल मी जे..."

"खाली ये जरा."

त्यांच्या घरी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यांनी माझ्या हातात एक कार्ब्युरेटर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"कर."

"काय?"

"कालची. सगळी."

मला वाटलं, शिक्षाच देतायत. ते खाली बघत म्हणाले, "निर्मला करायची माझी नक्कल. दुकानातून आलो की दारातच सुरू. मला राग यायचा. एकदा तर चार दिवस बोललो नाही तिच्याशी. ती गेल्यापासून कोणी केली नाही. काल पहिल्यांदा झाली."

मी केली. या वेळी डाव्या कानाशी धरला. ते वाक्य मात्र गाळलं.

"एक राहिलं," काका म्हणाले.

मी जमिनीकडे बघत तेही म्हटलं. माझाच आवाज मला ऐकवेना. काका हसले, अगदी खांदे हलेपर्यंत हसले. मग उठून उभे राहिले. "ती हलवताना डोळे मिटायची. आणि चष्मा असा मनगटाने वर सारायची, हात तेलकट आहेत म्हणून. मी तसंच करतो म्हणे. पुन्हा कर."

मी डोळे मिटले, मनगटाने नसलेला चष्मा वर सारला. चार वेळा केली असेल. चौथ्यांदा डोळे उघडले तर काका हसत नव्हते. पाठमोरे होऊन फडक्याने टेबल पुसत होते, जिथे वर्तमानपत्र होतं तिथेही.

"बरं, जा आता. घरी वाट बघत असतील," ते म्हणाले.

मी चपला घालत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "पुढच्या रविवारी येशील?"

मी हो म्हणालो.