काळीपिवळीवाला सुगत

माझी आई जिन्यावरून घसरून खाली बसली, तेव्हा सगळ्यांत आधी धावत आला तो आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, सुगत तायडे. त्याने तिला हात देऊन उठवलं, पाणी दिलं, कुठे लागलं नाही ना हे नीट विचारलं, आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाला, "आजी, अजून एक डाव पडता काय? मले बरोबर पाह्यता नाई आलं."

आईने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पण चहा पिऊन झाल्यावर तीच म्हणाली, "पडाचं जमनार नाई बाप्पा. बसून दाखवू काय?"

मग गुडघ्यावर हात, "आई गं", अर्धं वाकून थांबणं, खुर्ची जागेवर आहे ना हे मागे हात नेऊन चाचपणं, असा आईचा बसण्याचा सगळा सोहळा सुगतने मोबाइलवर टिपून घेतला. पुन्हा पुन्हा घेतला. आई शेवटी शेवटी जरा जास्तच कण्हायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "आजी, आता तुमी नाटक करून राहिल्या. याच्यात जान नाई."

'जान नाई' हा त्याचा शेरा. पोह्यांत जान नाई, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात जान नाई, माझ्या हसण्यात जान नाई.

सुगत मोबाइलवरचे खेळ बनवायचा. अमरावतीत असा काही धंदा असतो, हे आमच्या गल्लीत कुणाला पटत नसे. इंजिनीअर झालेला मुलगा दिवसभर खोलीत बसतो आणि संध्याकाळी चौकात उभा राहून लोकांच्या चालण्याकडे टक लावून पाहतो. समोरच्या वहिनींना तो बरेच दिवस गुप्त पोलीस वाटत होता.

त्याच्या खेळाचं नाव होतं 'सीट भरली की निघू'. खेळणारा हा काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर. अमरावतीहून दर्यापूरला जायचं. जीप भरेपर्यंत माणसं घ्यायची, भरल्यावर आणखी घ्यायची. कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या डोक्यावर कूलर. रस्ता चुकलात की जीप काळ्या मातीच्या चिखलात रुतायची. मग सगळे प्रवासी खाली उतरून अस्सल वऱ्हाडीत ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार करायचे आणि धक्का मारायचे. आमची आई त्यात होती. जीपमध्ये बसायलाच तिला इतका वेळ लागायचा, की मागच्या जीपवाल्याचा हॉर्न सुरू व्हायचा. स्वतःला बघून ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

एका प्रवाशाचा आवाज माझा होता. वाक्य एकच: "अबे, हालवतं का नाई?" मी मराठीचा मास्तर, मला वाटलं, एका दमात होईल. सुगतने अख्खी दुपार घेतली. "सर, तुमी पुस्तकातून बोलून राहिले. बुड दुखलं पाह्यजे आवाजात." शेवटी त्याने मला खरोखरच लाकडी खोक्यावर अवघडून बसवलं, आणि माझ्याकडे लक्ष न देता आपलं काम करत राहिला. बऱ्याच वेळाने मी वैतागून ओरडलो. तेवढंच खेळात आहे.

एकदा पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांना खेळ विकत हवा होता, पण त्यात अपघात हवे होते. जीप उलटावी, आग लागावी, पोरांना मजा येते. सुगत नाही म्हणाला. मी कारण विचारलं.

"लोकाईले घरी पोचवाचं असते ना सर," तो म्हणाला. "मारून काय करू?"

त्याचे वडील अकोल्याला असत. रामदास तायडे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सुगतची आई गेल्यापासून एकटेच राहत. सुगत रविवारी त्यांच्याकडे जायचा आणि आला की मला त्यांची नक्कल करून दाखवायचा. एसटीची सवारी पळवणाऱ्या काळीपिवळीवाल्यांवर त्यांनी जन्मभर दात खाल्ले होते, आणि पोराने त्यांच्यातल्याच एकाला खेळाचा नायक केलं. "मी उभा जनम खरी गाडी चालवली," ते म्हणत, "अन् हा फोनात काळीपिवळी चालवते!" त्यांनी तो खेळ कधी उघडूनसुद्धा पाहिला नाही. सुगत हे हसत सांगायचा. मीही हसायचो.

अशाच एका रविवारी तो अकोल्याहून परत निघाला. जुनी कार नुकतीच घेतली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे, भर दुपारी, शेतातून एक ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला. त्याला वाचवायला सुगतने गाडी वळवली, ती बाभळीवर गेली. ट्रॅक्टरवाल्याला खरचटलंही नाही. सुगत दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

अकोल्याला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी निघताना तायडेकाका माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "जेवला. हात धुतले. 'येतो बाबा' म्हने. मी टीव्ही पाहून राहिलो होतो सर. 'हं' म्हटलं."

एवढं बोलून ते आत गेले.

खोली रिकामी करायला ते काही दिवसांनी अमरावतीला आले. कपडे, भांडी, कॉम्प्युटर, आम्ही दोघं खोक्यांत भरत होतो. टेबलावर एक जुना फोन चार्जरला तसाच लावलेला होता. खेळात काही अडलं तर लोकांनी फोन करावा, म्हणून सुगतने एक नंबर देऊन ठेवला होता, त्याचा तो फोन. इतके दिवस तो वर मधूनमधून वाजायचा आणि खाली आई पदर तोंडाला लावून बसायची. वर जाऊन तो उचलायची हिंमत आमच्यात कुणालाच झाली नव्हती.

त्या दिवशी आम्ही खोलीत असतानाच तो वाजला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेतला, स्पीकर लावला.

"सुगतभाऊ, कुठी होते बाप्पा इतले दिवस?" पलीकडून आवाज आला. "मी सेमाडोहच्या जंगलातून बोलून राहिलो. वनरक्षक."

खेळात काही अडलंय का, मी विचारलं.

"नाई जी. खेळ तं कवाचा झाला माहा. आमच्या नाक्यावर मानूस नाई बोलाले. सांजच्याले सुगतभाऊ बोलत. त्याह्यलेबी तिकडं बोलाले कोनी नव्हतं म्हनत."

माझ्याच घरात, वरच्या खोलीत तो राहत होता. काकाच पुढे झाले.

"सुगत वारला," ते म्हणाले. "मी त्याचा बाप."

तो माणूस हळूच म्हणाला, "तुमी धारणीच्या गाडीवर होते ना? इथूनच जात होते. भाऊ सांगत. लहानपनी तुमच्या मागच्या सीटवर बसून घाट पाह्यला म्हने. बाबासारखी गाडी कोनालेच जमत नाई, म्हून मी एसटीचा खेळ केलाच नाई, म्हनत. बरोबर नाई जमला तं बाबाले वाईट वाटन."

काका कॉटवर बसले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांनी धरला.

"ठेवाचं असन आता," पलीकडचा म्हणाला. "तुमाले तरास—"

"नाई, नाई," काका म्हणाले. "ठेवू नका. अजून काय सांगे तो?"

मी चहा सांगायला खाली आलो. आईने डोळ्यांनीच विचारलं, काय चाललंय. वरून काकांचा आवाज येत होता. घाटात समोरून गाडी आली तर हॉर्न कुठून द्यायला सुरुवात करायची, ते त्या माणसाला सांगत होते.