नीलकंठरावांचा पूर्वपक्ष

रविवारी सकाळी दहा वाजता, काशीच्या पंचगंगा घाटाजवळच्या मराठी समाजाच्या सभागृहात, नीलकंठराव धर्माधिकारी देवाच्या विरोधात बोलायला उभे राहिले. आडनावाचा दोष त्यांचा नव्हे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते विवेक मंडळ चालवत होते. मंडळाचे सभासद दोन. एक ते स्वतः, दुसरा बिंदुमाधव, आणि बिंदुमाधव चहासाठी येत असे. तरी रविवारचा हा एक तास नीलकंठरावांचा होता. पत्नी गेल्यापासून त्यांचं बोलणं कुणी ऐकून घेई ते तेवढाच वेळ.

आता तोही तास अन्नपूर्णाबाईंच्या भजनी मंडळाला हवा होता. समाजाचे अध्यक्ष शरदराव यांनी तोडगा काढला. "एक जाहीर वाद ठेवू. श्रोते हात वर करून कौल देतील. नीलकंठराव जिंकले तर तास त्यांचा, हरले तर भजनाचा."

देवाच्या बाजूने बोलायला घाटावरचं कुणी तयार होईना. नास्तिकाच्या तोंडी कोण लागणार? शेवटी फादर घोन्साल्विस तयार झाले. फादर मूळचे वसईचे, शहरातल्या एका चर्चमध्ये बारा वर्षं होते. मराठी बोलायला मिळतं म्हणून ते दर बुधवारी नीलकंठरावांकडे येत आणि देवावरून मनसोक्त भांडून जात. दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं द्यायची ठरली. हा नियम नीलकंठरावांनीच लिहिला, कारण फादरांना प्रवचनाची सवय.

घात झाला तो नीलकंठरावांच्या आजोबांमुळे. आजोबा काशीतले नावाजलेले शास्त्री. त्यांची शिकवण अशी, की समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि असं मांडायचं की त्यानेच मान डोलवावी. हा पूर्वपक्ष. मग एकेक मुद्दा खोडून काढायचा, तो उत्तरपक्ष. नीलकंठरावांनी देव सोडला, पण आजोबांची ही रीत काही त्यांना सोडवली नव्हती.

त्यामुळे त्यांनी आधी फादरांची बाजू मांडायला घेतली. जग आहे म्हणजे त्याला कारण हवं, इथून निघून ते माणसाच्या सदसद्विवेकापर्यंत आले. क्षमेवर बोलताना त्यांचा आवाज जड झाला. "आपण कुणावर प्रेम करायच्या आधीच कुणीतरी आपल्यावर प्रेम केलेलं आहे, एवढंच हा ख्रिस्ती माणूस म्हणतो." अन्नपूर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. फादरांनी मान डोलावली. ती बघून नीलकंठरावांना हुरूप आला आणि त्यांनी आणखी दोन मुद्दे जोडले.

शरदरावांनी घंटा वाजवली. "झाली वेळ."

"अहो, हा पूर्वपक्ष होता! माझं म्हणणं अजून सुरूच नाही झालं!"

"नियम तुमचाच आहे, नीलकंठराव."

"पाच मिनिटं द्या हो!"

"काका, बैठ जाइए ना," मागून बिंदुमाधव म्हणाला. "एकदम जबरदस्त बोललात. मला तर पटलं."

विवेक मंडळ तिथल्या तिथे निम्मं झालं.

फादर उठले. हातातलं टिपण त्यांनी पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "माझं सगळं यांनी सांगून टाकलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं." एवढं बोलून ते खाली बसते तरी चाललं असतं. पण मित्राचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. "तेव्हा यांची राहिलेली बाजू मी मांडतो. मग तिला उत्तर देतो."

दोन मिनिटांत उरकायचा त्यांचा विचार होता. पण बोलायला लागले आणि थांबताच येईना.

"मी कॅन्सरच्या वॉर्डात जातो. लोकांचे हात धरून प्रार्थना करतो. माणूस बरा झाला की म्हणतो, देवाची कृपा. नाही झाला की म्हणतो, देवाची इच्छा. मग देव नसताच, तर मी वेगळं काय म्हणालो असतो?" फादरांनी कपाळ पुसलं. "तीस वर्षं मी रोज त्याच्याशी बोलतोय. एकदा तरी पलीकडून नुसतं 'हूं' यावं."

घंटा वाजली तेव्हा त्यांचं उत्तर द्यायचंच राहिलं होतं. त्यांनी जास्तीचा वेळ मात्र मागितला नाही.

आता कौल कसा घ्यायचा? बाजूला मत द्यायचं की माणसाला? "ठरलंय ते माणसाचं," शरदराव म्हणाले. "नीलकंठराव जिंकले असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." अख्ख्या भजनी मंडळाने, छत्तीसच्या छत्तीस जणांनी, हात वर केले. फादरांच्या बाजूने एकच हात वर झाला, तो नीलकंठरावांचा.

"बहुत बढिया सांगितलंत हो!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तास तुमचाच राहू दे. भजन आम्ही शनिवारी करू आणि रविवारी तुम्हाला ऐकायला येऊ. फक्त ते उत्तरपक्ष की काय, ते नको हं. इतकं छान झालंय, त्याला गालबोट कशाला?"

"अहो बाई, मी नास्तिक आहे!"

"असू द्या. स्वभावाला औषध नाही."

नव्या छत्तीस सभासदांना चुकवून नीलकंठराव बाहेर पडले आणि घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आता आयुष्यभर दर रविवारी त्यांना न मानलेल्या देवाची बाजू मांडायची होती. नाहीतर रिकाम्या घरी बसायचं होतं. त्यांना रडूच यायचं बाकी होतं. थोड्या वेळाने फादर येऊन शेजारी बसले.

"हरलो, फादर."

"मीही."

खाली नावाडी गिऱ्हाइकासाठी ओरडत होते.

"नीलकंठराव, ते परत एकदा सांगाल का?"

"काय?"

"देव आहे, ते. पहिल्यापासून. तुम्ही बोलत होता तेव्हा मला खरं वाटत होतं."

आपला विश्वास डळमळतो, नेमकं हेच या माणसाने कबूल करावं म्हणून नीलकंठरावांनी बारा वर्षं किती डोकं फोडलं होतं. "आणि उत्तरपक्ष?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो नको. तो मला पाठ आहे."

नीलकंठरावांनी घसा साफ केला आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली.