ओच्या पोटातली रेघ

जिदेगुलने ठरवलं की लेकीच्या सोहळ्याचं आमंत्रण आपणच लिहायचं. एवढंच ठरवलं. पण तिने ते सासूबाईंसमोर मोठ्याने बोलून दाखवलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. नाहीतर मामा जाळं घेऊन कशाला आले असते?

तिच्या सासूबाई सोनुनबूबू. तळ्याकाठच्या त्या गावात चौतीस वर्षं किरगीझ भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली, पण हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. औषधाची बाटली, मिठाची पुडी, कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी, कुठलीही चूक त्या सोडत नसत. (दुकानदाराने पाटी उंच टांगली, तर त्या स्टूल घेऊन गेल्या.) जिदेगुल शहरातली, रशियन शाळेत शिकलेली. बोलायला पटाईत, पण किरगीझ लिहायला बसली की तिची गाळण उडायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने "दूध आणायला गेले" अशी चिठ्ठी ठेवली. दूध घेऊन परत आली, तर चिठ्ठीवर तीन लाल रेघा आणि खाली शेरा, "पुन्हा लिही."

घोळ होता तो ओचा. त्या भाषेत ओ दोन. एक साधा, दुसरा पोटात आडवी रेघ असलेला. बोलताना जिदेगुल चुकत नसे, पण लिहिताना रेघ ओढायची हटकून राहायची. आणि रेघ राहिली की उंटाचा डोंगर होतो, तळ्याचा हात होतो. बाळंतपणात दवाखान्यात असताना तिने नवऱ्याला आनंदाने फोनवर लिहून पाठवलं होतं, "खिडकीतून तळं दिसतंय." एसेन बिचारा प्रवाशांनी भरलेली मिनीबस तशीच वळवून दवाखान्यात धावत आला आणि पलंगाखाली वाकून विचारायला लागला, "हात कुणाचा?"

तर आता ती लेक, बेर्मेत, वर्षाची झाली होती. भिंतीला धरून उभी राहत होती, पण हात सोडून पाऊल टाकायला तयार नव्हती. पाऊल टाकायच्या वयाला पोराच्या पायांत काळीपांढरी दोरी बांधायची, पोरांची शर्यत लावायची, जिंकेल त्याने येऊन दोरी कापायची, असा तो सोहळा. साठ घरांना आमंत्रण जायचं होतं. आजवर घरातली सगळी आमंत्रणं सासूबाईच लिहीत आल्या होत्या.

"लिही की," सासूबाई चहा ओतत शांतपणे म्हणाल्या. "एक जरी चूक निघाली, तर बेर्मेत शाळेत जाईपर्यंत रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसून शुद्धलेखन लिहायचं. नाही निघाली, तर ही पेन्सिल तुझी."

जिदेगुलने मनात हिशेब केला. शाळेत जाईपर्यंत म्हणजे सहा वर्षं. पण तोंडातून "बरं, आपा" निघून गेलं होतं. सासूबाईंना ती आपा, म्हणजे आई, म्हणायची.

तिचा सगळा भरवसा होता तिच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर. शेतांना पाणी सोडण्याच्या पाळ्या ठरवणारं ते छोटंसं कार्यालय. तिने ऐकलं होतं की चुकलेल्या शब्दाखाली कॉम्प्युटर आपोआप लाल नागमोडी रेघ काढतो. म्हणजे कागद सासूबाईंच्या हाती जायच्या आत लाल रेघा पुसून टाकता येतील. जेवणाच्या सुट्टीत तिने ब्राउझर उघडला आणि आमंत्रणाच्या पहिल्या चार ओळी लिहिल्या. चारही ओळींतल्या एकूण एक शब्दाखाली लाल रेघ. तिने स्वतःचं नाव लिहिलं, तिथेही रेघ. सासूबाईच पडद्याच्या आत जाऊन बसल्यात की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

मग कळलं की त्या कॉम्प्युटरमध्ये शब्दकोश एकच होता, रशियन. किरगीझ शब्द दिसला की त्याला ती चूकच वाटायची. दुसरा शब्दकोश घालायला गेलं, तर कुलपाचं चित्र यायचं आणि खाली सूचना, की ही सोय तुमच्या वरिष्ठ कार्यालयाने बंद ठेवली आहे. तिथे सगळंच कुलपात होतं. पडद्यावरचं चित्र बदलायचं तरी वरून परवानगी लागायची, त्यामुळे गेली चार वर्षं सगळे एका परक्या धरणाचा फोटो बघत होते.

तिने वरिष्ठ कार्यालयात कॉम्प्युटरचं बघणाऱ्या तिलेकला फोन लावला.

"अर्ज करा," तिलेक म्हणाला.

"करते. रशियनमध्ये चालेल ना?"

"छे. राज्यभाषेत, किरगीझमध्ये. आणि बिनचूक हवा हं, एक चूक असली तरी परत येतो."

"अहो, बिनचूक लिहिता आलं असतं, तर शब्दकोश कशाला मागितला असता?"

तिलेकने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "ताई, हे एवढं अर्जात लिहू नका."

अर्ज दोनदा परत आला. तिसरा सहीसाठी अडकला, आणि सोहळा आठ दिवसांवर येऊन ठेपला. जिदेगुलला झोपेत बेर्मेत शाळेचं दप्तर घेऊन दिसायला लागली.

मार्ग सापडला तो साहेबांच्या वेंधळेपणामुळे. शारशेन बाइके म्हणजे कार्यालयाचे साहेब. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना बाइके, म्हणजे दादा, म्हणत. काहीतरी दाखवायला म्हणून ते तिच्या टेबलाशी वाकले आणि माउसचं उजवं बटण चुकून दाबलं गेलं. लाल शब्दाशेजारी एक छोटी यादी उघडली. यादीत शेवटी लिहिलं होतं, "शब्दकोशात जोडा". त्याच्यापुढे कुलूप नव्हतं. दाराला सात कुलपं घालून खिडकी उघडी राहावी, तसं झालं होतं.

जिदेगुलने "जोडा" दाबलं. लाल रेघ पुसली गेली. तिने दुसरा शब्द जोडला, तीही गेली. तिला असा आनंद झाला की समोरचे मांटी, म्हणजे खिम्याचे वाफवलेले मोदक, गार होऊन त्यांची चरबी गोठली तरी भान नव्हतं. सुरुवातीचे तीसेक शब्द तिने भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरमधून पडताळून घेतले. मग वाटलं, एवढं सोपं तर आहे, आणि हात सुटला. लाल दिसला की जोड, लाल दिसला की जोड. संध्याकाळपर्यंत तिने त्या कॉम्प्युटरला दोनशे चौदा शब्द शिकवले. आमंत्रण झालं, वर कार्यालयाची तुंबलेली पत्रंही झाली. साहेब पडदा बघून म्हणाले, "वा, पहिल्यांदाच आपल्या कार्यालयात इतकं शुद्ध लिहिलं गेलं."

(एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. चूक आहे का, असं कॉम्प्युटर तिला दोनशे चौदा वेळा विचारत होता, आणि दोनशे चौदा वेळा तीच त्याला सांगत होती की नाही रे बाबा, बरोबर आहे.)

साठ पत्रं छापून एसेनने मिनीबसमधून वाटली. जास्तीचं एकसष्टावं सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा चढवला, पेन्सिलीला टोक काढलं आणि एकेक शब्द बोटाने वाचायला लागल्या. जिदेगुलने बेर्मेतला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. सासूबाई शेवटच्या ओळीशी थांबल्या. त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मग कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.

"चुका, आपा?" जिदेगुलने विचारलं.

"सोहळ्यात तळायच्या बोर्सोकला पीठ किती भिजवायचं, ते सांग," सासूबाई म्हणाल्या.

जिदेगुलला वाटलं, आपण जिंकलो. त्या संध्याकाळी तिने पेन्सिल कुठल्या डब्यात ठेवायची, तेही ठरवून टाकलं.

रविवारी अंगण माणसांनी भरलं. सगळ्यांत शेवटी आले सासूबाईंचे धाकटे भाऊ. तळ्यावर मासेमारी करणारे मामा. खांद्यावर हे भलंमोठं जाळं, वाळलेल्या शेवाळासकट. सरळ अंगणातल्या मांडवात शिरले आणि त्याच्या दारासमोरच्या मानाच्या जागेवर, जिथे वडीलधाऱ्यांना बसवतात, तिथे त्यांनी ते पसरलं.

"हे काय, मामा?" एसेनने विचारलं.

"तुमच्या पत्रात लिहिलंय तसंच. मला वाटलं, शहरातली नवी पद्धत असेल."

मामांनी पत्र काढून वाचून दाखवलं. जिदेगुलने शेवटी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं की या, आपली जागा आमच्या तोरमध्ये राखून ठेवली आहे. आता तोर म्हणजे ती दारासमोरची मानाची जागा. पण त्यातल्या ओच्या पोटात रेघ लागते. ती नसली, तर तोर म्हणजे मासे धरायचं जाळं. साठ घरांना तिने सन्मानाने जाळ्यात बसायला बोलावलं होतं.

अंगणात हसण्याचा असा पूर आला की म्हातारी माणसं एकमेकांना धरून बसली. जिदेगुलने ओढणीत तोंड लपवलं. सासूबाईंनी खिशातून आपली घडी काढून उलगडली. शेवटच्या ओळीत, तोरखाली, एकच लाल रेघ होती. पत्र हाती आलं त्याच रात्री ओढलेली.

"तुम्हाला माहीत होतं?" जिदेगुल रडवेली झाली.

"पत्रं वाटून झाली होती, पोरी. आता सांगून काय करणार होते? आणि माझा भाऊ जाळं आणतो की नाही, ते मला बघायचंच होतं." असं म्हणून सोनुनबूबू डौलात चालत गेल्या आणि त्या जाळ्यावर मांडी घालून बसल्या. "लिहिलंय ना, मग बसायला नको?"

शर्यत झाली. शेजारची लांब वेण्यांची मुलगी जिंकली आणि तिने बेर्मेतच्या पायांतली दोरी कापली. बेर्मेत घटकाभर डुलली. मग समोर आजी दिसली, तशी कुणाचंही बोट न धरता निघाली. एक पाऊल, दोन, पाच, सात. आठव्या पावलाला जाळ्यात शिरली आणि आजीच्या मांडीत जाऊन पडली, दोन्ही पाय जाळ्यात गुरफटून. मामांनी "थांबा, थांबा, ओढू नका" म्हणत कात्री मागितली आणि स्वतःचं जाळं स्वतःच कापलं. म्हणाले, पोराच्या पायातली दोरी दोनदा कापलेली आपण तरी पहिल्यांदाच बघतोय, ही पोरगी फार लांब जाणार. जिदेगुल हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

डोळे पुसून ती जाळ्याच्या कडेला बसली. "आपा, शुद्धलेखन उद्यापासून का?"

सासूबाई उत्तर देणार, तेवढ्यात शारशेन बाइके पुढे आले. चेहरा पडलेला. शुक्रवारी तिच्याच हातचं एक पत्र गेलं होतं, की बुधवारी सकाळी पाणी तुमच्या तळ्यात सोडण्यात येईल. म्हणजे तसं जायला हवं होतं. गेलं ते, तुमच्या हातात सोडण्यात येईल, असं. तो शेतकरी काल बादली घेऊन आला होता, म्हणत होता, हात लहान पडेल. आणि गंमत म्हणजे, साहेब म्हणाले, किरगीझ शब्दकोश शुक्रवारीच येऊन बसला. त्यांनी तिलेकला फोन करून झाडलं, तर तो म्हणाला, शब्दकोशाचा काय दोष, हातही शब्दच आहे, जाळंही शब्दच आहे. माणसाला कुठे बसवायचं, ते कॉम्प्युटरला काय कळणार?

एवढं सांगून साहेब जाळ्यावर बसलेल्या सोनुनबूबूंकडे बघत राहिले. त्यांच्या मांडीवर नात होती, हातात लाल पेन्सिल होती.

"एजे," साहेब थोरल्या बहिणीशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "दिवसा मोकळ्या असता का?"

सासूबाईंनी जरा विचार केल्यासारखं दाखवलं. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "संध्याकाळचं शुद्धलेखन राहू दे. मी दमून येणार."

सोमवारी जिदेगुल कार्यालयात पोचली, तर तिची खुर्ची दाराशी सरकवलेली आणि दारासमोरच्या मोक्याच्या जागी उशी घातलेली दुसरी खुर्ची. खुर्चीत सासूबाई. पुढ्यात दोनशे चौदा शब्दांची यादी, आणि शेजारी तिच्यासाठी कोरी वही.

शब्दकोश बसवायला तीन अर्ज लागले, दोन सह्या लागल्या आणि सतरा दिवस गेले. सासूबाईंना बसवायला कुणाचीच परवानगी लागली नाही.