चाळिसावी नोंद

लहान मूल खेळतं, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण त्याचं खेळून झाल्यावर खाली पालकांची सही घ्यावी, हे सुचायला बराच काळ जावा लागला. आता सुचलं आहे, ही समाधानाची बाब.

गुंडीच्या बालविकास केंद्राला तर ते सर्वात आधी सुचलं. (गुंडी साडेचार वर्षांची. बांधा शर्टाच्या बटणासारखा गोल, म्हणून गुंडी.) केंद्रात पाटी नाही, पेन्सिल नाही, पाढे नाहीत. 'आम्ही मुलांना शिकवत नाही, खेळू देतो,' असं मोठ्या बाई प्रत्येक पालकाला सांगतात आणि मग खेळण्याची नियमावली देतात. तिच्यासोबत मिळते आनंदवही. तीत चाळीस नोंदी करायच्या. रकाने पाच: खेळाचं नाव, साहित्य, कालावधी, साधलेला विकास (अकरा प्रकारांपैकी एक) आणि आनंदाची पातळी: पुरेसा, अपेक्षित, किंवा अपेक्षेपेक्षा जास्त (कारण द्यावे).

केंद्राच्या पाहणीनुसार सत्त्याऐंशी टक्के पालकांना आपलं मूल खेळतं हे वही मिळाल्यावरच कळलं. उरलेल्या तेरा टक्क्यांनी वही हरवली.

गुंडीची आई हरवणाऱ्यांतली नव्हे. ती कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते. नऊ वर्षं ती काचेपलीकडच्या माणसांना एकच गोष्ट सांगत आली आहे: नोंद नाही म्हणजे पार्सल आलेलं नाही. मग ते मागच्या टेबलावर धडधडीत दिसत का असेना. अशा बाईच्या हाती वही पडली, तेव्हा घर बघता बघता सुधारलं. मोज्यांच्या जोड्या लावणं हे 'वर्गीकरण' झालं. दूध सांडलं तेव्हा 'द्रवपदार्थांचे आकलन' झालं, आणि फरशी पुसायच्या आत आईने वेळ टिपून घेतली. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते गुंडीला एकदा सोबत घेऊन गेले आणि नोंद क्रमांक एकवीस घेऊन आले (बटणे दाबणे: बोटांचा विकास). आजीबरोबर मटार सोलणं मात्र बाद ठरलं. आजीने मध्येच गोष्ट सांगितली, त्यामुळे विकास नेमका कशाने झाला ते ठरेना.

अशा एकोणचाळीस नोंदी झाल्या. चाळिसाव्या नोंदीपुढे छापलं होतं: 'मुलाने कोणीही न सांगता आपणहून सुरू केलेला खेळ. (पालकांनी करून घ्यावा.)'

वही सोमवारी द्यायची होती. ज्यांची अपुरी, ती मुलं छोट्या गटातच राहणार. बाकीची वरच्या मजल्यावर, मोठ्या गटात. समोरच्या दारातली मैत्रीण वर जाणार हे पक्कं झालं होतं. तिला सगळे शेपटी म्हणत, कारण गुंडी जिथे जाईल तिथे ती मागे. शेपटीच्या आईने आपणहून सुरू करायचा खेळ तिच्याकडून तीनदा घोटून घेतला होता.

रविवारी सकाळी आईने जमिनीवर नियमावलीप्रमाणे नऊ वस्तू मांडल्या, पेन उघडलं आणि सहज म्हणाली, "खेळ हं, बाळा. तुला हवं ते."

गुंडीने नऊही वस्तू लहान-मोठ्या क्रमाने लावल्या (नोंद क्रमांक सतरा) आणि हात मागे बांधून उभी राहिली. "झालं?"

"हे नाही. आपणहून."

गुंडीने बराच विचार केला. "आई, मग आता मी आपणहून काय खेळू?"

"ते मी नसतं सांगायचं."

"बाईंना विचारायचं असतं?"

पलंगावरून आजी म्हणाली, "अगं, जरा नजर काढ की पोरीवरची. कोणी बघत असलं की मला शिंकसुद्धा येत नाही."

"अहो आई, उद्या वही द्यायची आहे."

"मग माझी शिंक लिही."

आईने पेन अंबाड्यात खोचलं आणि ती चिडून कपडे वाळत घालायला गेली. चिमटे कमी पडले. एक मोजाही सापडेना. तो शोधत, हातावर ओली चादर टाकून ती परत आली आणि दारातच थबकली.

टेबलाखाली गुंडी होती. तिच्याजवळ तो मोजा, दोन चिमटे आणि चहाची गाळणी. ती मोज्याला रागावत होती. मग गाळणीची समजूत काढत होती. मग काहीतरी झालं आणि ती एकटीच इतकी हसली, की तिला आडवं व्हावं लागलं.

पेन अंबाड्यात होतं. वही टेबलावर, तीन पावलांवर. तीन पावलं टाकली की गुंडी वर बघणार, हात मागे बांधणार आणि विचारणार, "झालं?"

आई एक तास दहा मिनिटं दारात उभी राहिली. चादर हातावरच निम्मी वाळली.

सोमवारी मोठ्या बाईंनी वही उलटून पाहिली. "चाळिसावी कोरी आहे."

"हो."

"म्हणजे मूल खेळलं नाही."

काचेच्या या बाजूने हे वाक्य कसं ऐकू येतं, ते आईला नऊ वर्षांत प्रथमच कळलं. "खेळली," ती म्हणाली. "तासाच्या वर खेळली."

"काय खेळली?"

"तिलाच विचारा."

बाई प्रेमाने वाकल्या. "काल काय खेळलीस, बाळ?"

गुंडीने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. "काही नाही."

निर्णय नियमाला धरूनच झाला. शेपटी वर गेली, गुंडी खाली राहिली, आणि दोन दिवस दोघी जिन्याच्या कठड्यातून एकमेकींची बोटं धरून रडल्या (विकास: सामाजिक). तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रडणं थांबलं, आणि शेपटी घरी गेली ती एकाच पायात मोजा घालून. दुसऱ्या मोज्याची नोंद कुठेही नाही.

आता तो खेळ नेमका काय होता, हे वाचकांना जाणून घ्यावंसं वाटेल. वाटणारच, घरोघरी मुलं आहेत. आईने ते अजून कोणालाही सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. तरी एवढ्यात ज्यांनी एक मोजा, दोन चिमटे आणि गाळणी काढून मुलाला हाक मारली असेल, त्यांनी त्या वस्तू निमूटपणे जागच्या जागी ठेवाव्यात. मूल हात मागे बांधून उभं आहे.