अतिरिक्त नर्सबायांचं गाव

आरोग्यसेवा अपुरी आहे अशी जी ओरड होते, ती बहुतेक वेळा मोजणी अपुरी असल्यामुळे होते. नीट मोजलं तर प्रत्येक गावात काही ना काही गरजेपेक्षा जास्त सापडतंच. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या आमच्या गावात नर्सबाया सापडल्या. मी, बर्निस टॉलिव्हर, त्यांतलीच एक.

त्याचं असं झालं. सरकारला आरोग्यावरचा खर्च कमी करायचा होता. पण काळ्या वस्त्यांची सेवा कमी होऊ देणार नाही, असा शब्दही देऊन झाला होता. दोन्ही एकदम साधायला डोकं लागतं. ते डोकं मिस्टर प्रुइट नावाच्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्याच्या खांद्यांवर होतं, आणि एका रविवारी ते आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसलं.

आमच्या चर्चमध्ये चौदा नर्सबाया आहेत. पांढरा गणवेश, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. गाणं रंगलं आणि कुणी अंगात पवित्र आत्मा येऊन थरथरत कोसळलं, की आम्ही धावतो. पंख्याने वारा घालतो, बाईचा झगा वर सरकला तर चादर टाकतो, शुद्धीवर आल्यावर पेपरमिंटची गोळी देतो. (प्रवचनात ज्यांना झोप लागते त्यांना उठवत नाही. तो आजार नव्हे, उपचार आहे.) नर्सिंगची शाळा आमच्यातल्या एकीनेही पाहिलेली नाही. मी कारखान्यात कॅटफिश मासे सोलते.

प्रुइटसाहेबांनी आमची मुख्य, सिस्टर ओझेला, हिला विचारलं, "किती वर्षं नर्स आहात?"

"एकेचाळीस," ओझेला ताठ होत म्हणाली.

"इतक्या वर्षांत किती रुग्ण दगावले?"

"आमच्या हातून? एकही नाही, बाळा. थोड्या वेळाने उठतात आणि जेवायला जातात."

असा निकाल जगातल्या कुठल्या इस्पितळाचा आहे, सांगा. अहवालात तो असा आला: बरे होण्याचं प्रमाण शंभर टक्के, उपचाराचा कालावधी एक गाणं, सरकारी खर्च शून्य (गोळ्या आम्ही आणतो). तेव्हा पेट्रोलपंपामागच्या सरकारी दवाखान्यातली नर्स डेल्फीन रकर ही आपोआप अतिरिक्त ठरली. तिच्याकडे नर्सिंगची पदवी होती, रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही तपासायची वाईट खोड होती. दवाखान्याला कुलूप लागलं.

आम्ही सगळ्याजणी प्रुइटसाहेबांच्या कचेरीत गेलो. ओझेलाने मान खाली घालून सांगितलं, "साहेब, आम्ही तसल्या नर्स नाही हो."

साहेब मनाचे मोठे. म्हणाले, "मग एकेचाळीस वर्षं नर्सचा वेश घालून रुग्णांना हात लावताय, त्याला तोतयागिरी म्हणतात. त्याला तुरुंग आहे. काय लिहू, मावशी?"

ओझेला नर्सच राहिली.

तिची नात कीओना तेव्हा आठव्या महिन्यात होती. तिचा रक्तदाब चढायचा, म्हणून डेल्फीन दर आठवड्याला तिला बोलवून घ्यायची. आता ती जबाबदारी आमच्याकडे, म्हणजे पंख्यांकडे, आली. ईस्टरनंतरच्या रविवारी ती बाकावर टेकली. पाय इतके सुजलेले की चपला हातात.

"आजी, डोकं फुटतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"वारा घालू का, पोरी?"

"वाऱ्याने काय होतंय? डेल्फीनमावशीला बोलव ना."

डेल्फीन टेक्सासला नोकरीला गेली होती, हे ओझेला नातीला सांगू शकली नाही. ती वारा घालत राहिली. कीओनाला झटके आले तेव्हा गायकवृंद थांबला नाही, उलट त्याने सूर चढवला. त्यांना वाटलं, पोरीच्या अंगात आत्मा आला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. "बंद करा ते गाणं, माझी पोर मरतेय!" असं ओझेला ओरडली, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

जवळचं प्रसूतिगृह आधीच्याच बचतीत गेलेलं, त्यामुळे साठ मैल लांबचं इस्पितळ गाठायचं होतं. पाद्रीबुवांनी गाडी दामटली. बाळ वाटेत गाडीतच झालं आणि वाचलं. कीओना तिथे पोचली नाही. ज्या हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांची मला किळस आली. ते मी जाळले.

सरकारदरबारी मात्र नोंद मानाची झाली: एका रुग्णामागे चौदा नर्स, राज्यातला उच्चांक. ही योजना इतरत्र लागू करण्याजोगी आहे, असा शेराही पडला.

आता बचत आणखी करायची असल्यामुळे गणवेशाची अट काढून टाकली आहे. सुजलेले पाय, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढचे काजवे अशी एखाद्या गरोदर बाईची तक्रार ज्याने जागचं न हलता शेवटपर्यंत ऐकली किंवा वाचली, तो यापुढे अनुभवी आरोग्यसेवक धरला जाईल. तुमचं नाव यादीत लागलं आहे, अभिनंदन. तुमच्या गावातला दवाखाना कधी रिकामा करून देता, एवढं फक्त प्रुइटसाहेबांना कळवा.