गळती व्यवस्थापन सहायक

ज्याच्या अंगी कौशल्य असते त्याला काम मिळते, आणि ज्याला काम मिळत नाही त्याच्या अंगी कौशल्य नसते, हे आता शासकीय पातळीवर निर्विवाद सिद्ध झाले आहे. (पुरावा असा, की कामावर असलेल्यांची पाहणी केली तेव्हा त्यांत एकही बेकार आढळला नाही.)

लिफ्टमनला हे सत्य जरा उशिरा कळले. त्याचे सारे आयुष्य लिफ्टमधल्या स्टुलावर बसून लोकांना वर नेण्यात आणि खाली आणण्यात गेले होते. मग इमारतीत नवी लिफ्ट आली. तिच्यातली बटणे लोक स्वतःच दाबू लागले, आणि दाबता येतात याचा त्यांना आनंदही होऊ लागला. व्यवस्थापनाने लिफ्टमनला नारळ दिला आणि स्टूल ठेवून घेतले.

बायकोच्या भावाचे पादत्राणांचे दुकान होते. तो लगेच घरी आला.

“भावोजी, लाजायचं काय त्यात? आपलंच दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की पायात घालून दाखवायचं, बस्स. आणि बसायला स्टूल आहेच की!”

तो गेल्यावर बायको म्हणाली, “दादा एवढं मनापासून म्हणतोय...”

“अगं, मी माणसं सातव्या मजल्यावर नेली आहेत. आता त्यांचे पाय धरू?”

“धरायचे नाहीत, मापायचे.” बायको व्यवहारी होती. “वर्षअखेरपर्यंत दुसरं काही बघा. नाही जमलं तर मी दादाला हो सांगणार.”

म्हणून लिफ्टमन कौशल्यवर्धन केंद्रात दाखल झाला. त्याला वायरमन व्हायचे होते. पण त्या वर्गात जागा नव्हती, नळदुरुस्तीच्या वर्गात होती. केंद्रात उमेदवाराचा कल तपासूनच अभ्यासक्रम दिला जातो, आणि जागा शिल्लक असेल तिकडेच उमेदवाराचा कल असतो, असा केंद्राचा आजवरचा अनुभव आहे.

पहिले काही आठवडे व्यक्तिमत्त्व विकासात गेले. हसून हात मिळवणे, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणे, आणि ‘पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नाला ‘स्टुलावर’ असे उत्तर न देणे, एवढे तो शिकला. नंतर हत्यारे आली. म्हणजे ती काचेच्या कपाटात होतीच. कपाटाची किल्ली तेवढी बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर गेली होती. मॅडम काचेवर बोट ठेवून पान्हा कोणता आणि पकड कोणती ते दाखवत. (मॅडम मूळच्या केशभूषेच्या वर्गाच्या. नळदुरुस्तीच्या पुस्तकात त्या मुलांच्या एकच धडा पुढे असत, पण तो कधीही कमी पडू देत नसत.)

प्रात्यक्षिकासाठी लाकडी फळीवर एक नळ बसवला होता. त्याला पाइप नव्हता, त्यामुळे पाणी नव्हते, त्यामुळे गळतीही नव्हती. दुरुस्तीनंतर गळती थांबल्याचे प्रमाण शंभर टक्के होते. दुरुस्तीपूर्वीही ते तेवढेच होते, पण दुरुस्तीपूर्वी मोजण्याची पद्धत नव्हती.

पाण्याचा नळ व्हरांड्यात होता. तो गळत असे. केंद्राने इमारत खात्याकडे रीतसर तक्रार केली. इमारत खात्याने कळवले, की कुशल कारागीर उपलब्ध नाही, तरी कौशल्यवर्धन केंद्राकडे विचारणा करावी. केंद्राने विचार केला. प्रमाणपत्र मिळेपर्यंत प्रशिक्षणार्थी कुशल नसतो, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर तो केंद्राचा नसतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे बिनचूक असल्यामुळे नळाखाली बादली ठेवण्यात आली.

वर्षअखेर जवळ आली. लिफ्टमनला प्रमाणपत्र मिळाले, काम मिळाले नाही. त्याच्या तुकडीत कोणालाच मिळाले नव्हते. मेव्हण्याने दुकानातले स्टूल पुसून ठेवल्याचा निरोप आला. इकडे केंद्रप्रमुख साहेबांची झोप उडाली, कारण रोजगारप्राप्तीचा आकडा शून्य होता आणि तपासणी तोंडावर आली होती. अशातच एका दुपारी बादली भरून वाहिली आणि पाणी साहेबांच्या गालिच्यापर्यंत पोचले.

मोठी माणसे एका अडचणीकडे बघून थांबत नाहीत, दोन अडचणी एकमेकींना भेटवतात. साहेबांनी त्याच दिवशी ‘गळती व्यवस्थापन सहायक’ हे पद निर्माण केले. काम : बादली ओतणे. पात्रता : नळदुरुस्तीचे प्रमाणपत्र. (गळतीचे स्वरूप समजल्याशिवाय ती जबाबदारीने साठवता येत नाही.) लिफ्टमनची निवड झाली. नळाशेजारी त्याला स्टूल मिळाले.

“सरकारी?” मेव्हण्याने फोनवर विचारले.

“तसंच म्हणायचं,” बायको म्हणाली, आणि आवाजातला तोरा तिला लपवता आला नाही.

सगळे सुरळीत चालले होते. मग नव्या तुकडीत एक बाई आल्या. आधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांच्या जागी आता एक ध्वनिमुद्रित आवाज बोलत होता. पहिल्याच मधल्या सुट्टीत त्या नळापाशी थांबल्या.

“काका, वायसर झिजलाय याचा.”

“माहीत आहे.”

“दहा मिनिटांचं काम आहे. पर्समध्ये वायसर आहे माझ्या, घरच्या नळासाठी आणलेला. पान्हा पण आहे. बसवू?”

“बसवा. आणि मग मी कुठे बसू?”

“अहो, असं काय करता!” बाई हसल्या. त्यांना वाटले, काका गमतीत बोलले. त्यांनी पाणी बंद केले, नळ उघडला, वायसर बदलला, हात पुसले आणि वर्गात गेल्या.

व्हरांडा एकदम शांत झाला. लिफ्टमनने नळाखाली तळहात धरला. कोरडा. आपण शिकलो ते खरोखर होते, हे पाहून त्याला क्षणभर फार बरे वाटले. मग त्याने रिकाम्या बादलीत पाहिले, आणि तिच्या तळाशी त्याला मेव्हण्याचे दुकान दिसले. ओळीने मांडलेले जोडे, आणि त्यांच्यासमोर वाकलेला तो.

बाई पान्हा नळावरच विसरल्या होत्या.

त्याने मॅडमनी शिकवलेल्या क्रमाने आधी पाणी बंद केले. नळ उघडला. नवा वायसर काढला, कचऱ्यात पडलेला जुना शोधून बसवला, पुन्हा पाणी सोडले. टप्. थोड्या वेळाने, टप्. पाणी असलेल्या नळावर त्याने केलेली ही पहिली दुरुस्ती होती, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

“वा!” मागून आवाज आला. साहेब केव्हापासून उभे होते.

लिफ्टमनच्या हातून पान्हा गळाला. “साहेब, चूक झाली...”

“चूक? अहो, केंद्र स्थापन झाल्यापासून इथलं हे पहिलं प्रात्यक्षिक!”

तेव्हापासून नवा क्रम लागू आहे. सकाळी प्रशिक्षणार्थी बाईंच्या देखरेखीखाली नवा वायसर बसवतात. दुपारी लिफ्टमन जुना बसवतो. बाई ‘गळतीरोध निदेशक’ झाल्या, लिफ्टमन ‘गळती पुनःस्थापन निदेशक’ झाला आणि त्याच्या स्टुलाची खुर्ची झाली. बादलीसाठी नवी भरती झाली. एका वायसरावर तीन माणसे पोसली जातात, हे पाहून तपासणी पथकाने ही योजना सर्व केंद्रांना लागू केली. सगळे प्रमाणपत्रधारक आता नळांपाशी रुजू आहेत.

परवा मेव्हण्याचा फोन आला. “भावोजी, दुकानातला नळ गळतोय हो. प्लंबर मिळेना. येऊन जाता का जरा?”

“वेळ नाही रे, ड्युटी आहे,” लिफ्टमन म्हणाला. “तू असं कर, बादली ठेव.”

योजनेच्या पुढच्या टप्प्यात घरोघर पाहणी होणार आहे. तुमच्याकडेही एक कर्मचारी येईल आणि विचारेल : घरात एखादा नळ गळतो का? त्याच्याखाली बादली आहे का? ती कोण ओतते? तुम्ही थोडे ओशाळून म्हणाल, मीच. प्लंबर का बोलावला नाही, असे तो विचारणार नाही. प्लंबर कामावर आहेत, हे त्याला ठाऊक आहे. तो तुमचे नाव स्वयंरोजगार मिळालेल्यांत घालेल.

अभिनंदन. आता उठा, बादली भरत आली असेल.