अण्णांचं नाव आणि पाच व्होल्ट

पिंपळगाव बसवंतच्या एका सहकारी शीतगृहात तापमान सांभाळणारा सर्किट बोर्ड तापू लागला. शीतगृहात कोणतीही वस्तू तापू नये असा ठराव झालेला नसल्याने सुरुवातीला कोणी हरकत घेतली नाही. पण बोर्ड तापला की बंद पडे, तो बंद पडला की कॉम्प्रेसर थांबे, आणि आत निर्यातीची द्राक्षं होती. तेव्हा नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर उज्वला हिच्याकडे प्रकरण सोपवण्यात आलं.

तिने बोर्डावरून बोट फिरवलं आणि एका जागी चटका बसून मागे घेतलं. बारा व्होल्टचे पाच करणारा रेग्युलेटर होता तो. उरलेले व्होल्ट तो उष्णता करून उडवतो. त्याच्यावर जितकी जास्त उपकरणं, तितका तो तापतो. उज्वलाने एकेक वायर काढून पाहिली. सेन्सर काढले, फरक नाही. स्क्रीन काढला, फरक नाही. मग एक लाल वायर काढली आणि रेग्युलेटर निवला. त्या वायरीचा माग काढत ती बाहेर आली, तर दर्शनी भिंतीवरची 'मा. चेअरमन कोंडाजीअण्णा आपले सहर्ष स्वागत करीत आहेत' ही सरकती अक्षरं विझली होती.

मॅनेजर कारभारी यांनी आधी वायर जोडायला लावली, मग ऐकून घेतलं. अक्षरांना वेगळा पुरवठा द्या, साधा चार्जरही चालेल, असं तिने सुचवलं.

"आणि कारण काय लिहायचं?" कारभारींनी विचारलं.

"अण्णांच्या नावाचा भार झेपत नाही."

कारभारींनी उठून केबिनचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी उष्मा निवारण समिती स्थापन झाली आणि उज्वलाला तिची सदस्य सचिव करण्यात आलं, म्हणजे तक्रार करायला बाहेर कोणी उरलं नाही. पहिल्या बैठकीत बोर्डावर पंखा बसवायचं ठरलं. पंख्याला वीज जवळच मिळाली, त्याच रेग्युलेटरवरून. रेग्युलेटर आणखी तापला. मग तापल्याचं वेळीच कळावं म्हणून भोंगा बसवला, तोही तिथूनच. आता भोंगा थांबेना. शेवटी एका संचालकांना सुचलं की आपल्याकडे अख्खी थंड खोली आहे, बोर्डच आत ठेवू. ठराव एकमताने मंजूर झाला. उज्वलाची नोकरी अजून कायम व्हायची होती; तिनेही सही केली.

बोर्डाला जागा व्हावी म्हणून द्राक्षांचे काही क्रेट व्हरांड्यात काढले. अक्षरांची वायर बाहेर यायला हवी म्हणून खोलीचं दार मूठभर उघडं ठेवलं. बोर्ड खरोखरच थंड राहिला. समितीने समाधान नोंदवलं.

त्या आठवड्यात शिरवाड्याचे बागायतदार पुंजाराम आपला माल बघायला आले. व्हरांड्यातल्या क्रेटमधला एक घड त्यांनी उचलला. देठ काळे पडले होते, मणी दाबला की फुटत होता.

"ताई, हे असं कशानं झालं?"

खरं कारण उज्वलाच्या ओठांवर आलं होतं. तिने तपास चालू असल्याचं सांगितलं आणि स्वतःचाच आवाज तिला कारभारींसारखा वाटला. जेवणाचा डबा तिने न उघडताच पिशवीत ठेवला. सगळे जेवायला गेले असताना तिने बोर्ड बाहेर आणून जागेवर लावला, पंखा आणि भोंगा उतरवला, लाल वायर कापली आणि दार घट्ट बंद केलं. तापमानाचा काटा शून्यावर येऊन थांबला. आत उरलेला माल वाचला.

संध्याकाळी फोन सुरू झाले. त्यांत अण्णांचा नव्हता. त्यांना कारभारींनीच घाबरत कळवलं, तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, "तिथं माझं नाव होतं होय?" फोन सभासदांचे होते, आपल्यासारख्याच साध्या माणसांचे. द्राक्षं सडली तेव्हा यांतल्या एकानेही फोन केला नव्हता. आता हा अण्णांचा अपमान आहे, करणाऱ्यावर कारवाई करा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

शेवटचा फोन उज्वलाने स्वतः उचलला. पुंजाराम होते.

"राहिलेला माल एक नंबर हाय ताई," ते म्हणाले, "पण अण्णांचं नाव कोणी विझवलं, तेवढं सांगा."